खाणीच्या रस्त्यावरचा स्वच्छ फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. एका अवजड ट्रकचा प्राण माझ्या हाती आहे. निदान माझ्या खोक्यावर तसं छापलं होतं. खोकं पहिल्याच दिवशी चहाचे कप ठेवायला गेलं.

जाड कागदाच्या घड्या घालून मला घडवलं. काम एकच: धूळ अडवायची आणि स्वच्छ हवा पुढच्या रबरी पाइपातून इंजिनाला द्यायची. आमचा ट्रक दगडखाणीवरून खडी वाहायचा. तिथे धूळ इतकी, की कोणाची गाडी कोणती हे हॉर्नवरून ओळखावं लागे. ट्रक एका वहिनीचा, चालवायचा तिचा दीर. दोन्ही घरांच्या चुली या एकाच इंजिनावर पेटत.

सुरुवातीला मी धुळीने माखायचो आणि दिराच्या शिव्या खायचो. मग पुढच्या पाइपाला, तो आवळून धरणाऱ्या पट्टीखाली, बारीक चीर गेली. हवेला सोपी वाट मिळाली. ती मला वगळून, धुळीसकट, परस्पर इंजिनात जाऊ लागली. मी स्वच्छ राहू लागलो. मित्रांनो, माझं कौतुक तेव्हापासून सुरू झालं.

वहिनी इंजिनाचं तेल तपासायला पाठवायची. एकदा प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"तेलात धुळीचा अंश वाढलाय, लोखंडाचाही. म्हणजे धूळ आत जातेय आणि इंजिन झिजतंय. हवेची सगळी वाट तपासा."

हवेची सगळी वाट म्हणजे मी, असा समज झाला. दिराने मला काढून उन्हात धरलं.

"बघा वहिनी! तुमच्या पडद्यांपेक्षा स्वच्छ."

"पडदे मी धुते, भावजी. ह्याला कोण धुतं?"

"कोणी नाही. तरी असा! ह्याला म्हणतात माल."

वहिनी थांबली. तिने धुरळलेल्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हिला कळणार.

"मग त्या बाईंचीच बाटली मळकी असेल," ती म्हणाली.

तरी तेल बदललं. पुढच्या फोनला लोखंड आणखी वाढलेलं.

"दर वेळी तेल बदलायला लावतात," दीर म्हणाला. "भावाचं तेलाचं दुकान असणार बाईंच्या."

मग नमुने पाठवणंच बंद झालं. फोन येईनासे झाले, म्हणजे सगळं ठीक, असं ठरलं.

चिरेतून शीळ ऐकू यायची. दीर रेडिओ मोठा करायचा. धूर आधी निळसर झाला, मग निळा.

एका चढावर, भरल्या खडीसकट, इंजिन जाम झालं. गॅरेजात मेकॅनिकने ते उघडलं, तर आतून सगळीकडे ओरखडे. वहिनी तिथल्याच एका टायरवर बसली.

"आता घरी काय सांगायचं, भावजी?"

दिराने मला काढून पुन्हा उन्हात धरलं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. धुळीच्या रस्त्यावर कोणी स्वच्छ दिसला, तर शाबासकी देण्याआधी धूळ कुठे गेली ते शोधा.

काल ट्रकला दुसरं इंजिन बसवलं. मी अजून चांगला आहे म्हणून मलाच ठेवलं. पाइपही जुनाच आहे.