एक इंच

मी उंची मोजायची एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो, आणि मी खोटं बोलते. आधीच सांगून टाकलं, बरं झालं.

पूर्वी मी शाळेत होते. मुलं माझ्यापाशी टाचा उचलायची. बाई खांदे दाबून म्हणायच्या, "खाली हो रे उंटा!" तेव्हा मी खरी होते.

मग लढाई सुरू झाली. शाळेत सक्तीच्या सैन्यभरतीची कचेरी आली. बाक गेले, मी राहिले. आता येणारे गुडघे वाकवायचे.

नियम होता: पाच फूट दोन इंचांखालच्या कुणाला न्यायचं नाही. वर्षभरात उंच माणसं संपली.

(संपली म्हणजे काय, ते तुम्ही तरी विचारा. कचेरीत कुणी विचारलं नाही.)

नियम बदलायला वरून सही लागते. सुताराला नुसता चहा पुरतो. त्याने मला उतरवलं, पायाकडून एक इंच कापलं आणि जमिनीला टेकवून पुन्हा ठोकलं. आकडे तेच. माणसं मात्र एका दुपारीत वाढली!

दुसऱ्या दिवशी एक घड्याळजी आला, सोबत थोरली बहीण. गेल्या वर्षी मीच त्याला परत पाठवलं होतं.

"पाच-दोन. घ्या याला," कारकून म्हणाला.

"गेल्या खेपेला पाच-एक होता!" बहीण म्हणाली.

"वाढतं वय असतं, बाई."

"सव्वीस वर्षांचा घोडा आहे तो! दाढीबरोबर उंचीही वाढते का?"

रांग हसली. कारकून हसला नाही.

"सगळेच घरी बसले तर लढणार कोण?"

"मग त्याला विचारा ना, येतोस का म्हणून."

"विचारून कुणी येईल का?"

"मिळालं की तुम्हाला उत्तर!"

"पुढचा!"

घड्याळजीने दुकानाची किल्ली तिच्या हातात ठेवली. "ताई, डॉक्टरांचं घड्याळ झालंय. तेवढं देऊन टाक."

त्याला मागच्या दाराने नेलं. ते दार पलीकडून उघडत नाही.

कारकुनाचा प्रश्न मी टाळत नाही. शत्रू दारात आला तर कुणीतरी लढायला हवंच. पण प्रश्न इतका खरा असेल, तर तो माणसाच्या तोंडावर विचारायला भीती कसली? करवत कशाला लागते?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. उपटा आणि चुलीत घाला. कापण्याआधी मला कुणी विचारलं नाही, ते ठीक. मी लाकूड आहे.

घड्याळजी लाकूड नव्हता.