चष्मेवाल्या साहेबांवर पडलेला पडदा

“साहेब, तुम्ही या थिएटरात शेवटचं नाटक कधी पाहिलंत?”

प्रश्न एवढाच होता. पण तो विचारायचा होता भर सभेत, उभं राहून, थेट नगराध्यक्षांना, आणि विचारणार होती पुटपुट.

पुटपुट हे तिचं शाळेतलं नाव. पहिलीपासून ती उत्तर द्यायची ते फक्त बाकाला ऐकू जायचं. या वर्षी मात्र बाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेत जवळजवळ ढकललं, ती चौघींत तिसरी आली, आणि त्या दिवसापासून जो कंठ फुटला तो फुटलाच. आई म्हणायची, आठ वर्षं हिला बोल बोल म्हणून विनवलं, आता गप्प बस म्हणायला मध्ये फट सापडत नाही.

तिच्या दोन मैत्रिणी, लंबू आणि कुरळी, यांना मात्र हा कंठ अजून पटला नव्हता. चौघींत तिसरी म्हणजे शेवटून दुसरी, असा लंबूचा हिशेब होता. म्हणून शुक्रवारी मधल्या सुट्टीत पैज लागली. पुटपुटने रविवारच्या सभेत हा प्रश्न विचारला तर तिचं दप्तर आठवडाभर त्या दोघी वाहणार, नाही विचारला तर त्यांची दोन्ही दप्तरं हिच्या पाठीवर.

आता सभा कसली, ते सांगायला हवं.

समुद्राकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे ते थिएटर होतं. समोर चार उंच खांब, वर हसणाऱ्या-रडणाऱ्या मुखवट्यांची रांग, त्यातल्या दोघांची नाकं पडलेली. सुट्टीवर आलेले लोक खांबांना टेकून फोटो काढायचे, आइस्क्रीम संपवायचे, स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायचे आणि जायचे. दाराशी जत्रा, आत शुकशुकाट. एके काळी म्हणे इथे तीन तीन दिवस आधी रांगा लागायच्या. गेल्या सहा वर्षांत मात्र आत फक्त शाळांची बक्षीस-वाटपं झाली होती. शेजारच्या मोठ्या हॉटेलला ते पाडून ती जागा पाहुण्यांच्या गाड्या लावायला हवी होती. ती द्यायची की नाही, हे गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून नगरपालिका ठरवणार होती. आणि गंमत बघा, एवढे लोक बसतील अशी दुसरी जागाच गावात नव्हती. थिएटर पाडायची सभा थिएटरातच.

पुटपुटला हे थिएटर काही फोटोपुरतं नव्हतं. तिचे बाबा तिथले पडदेवाले. सव्वीस वर्षं पडदा वर आणि पडदा खाली, हाच त्यांचा धंदा. नाटकं थांबली तरी दर शुक्रवारी ते शिडीवर चढून दोरांच्या कप्प्यांना तेल घालायचे. हॉटेलच्या मॅनेजरने त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, गाड्यांच्या फाटकावर दांडा वर-खाली करायला याल का म्हणून. बाबांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितलं. शेवटी काय, तिथेही वर-खालीच करायचंय, म्हणाले. पण त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले, आणि ते आईनेही पाहिलं आणि पुटपुटनेही.

आई पूर्वी नाटकांचे कपडे शिवायची. आता त्याच मशीनवर हॉटेलच्या उशांचे अभ्रे शिवत होती. त्यामुळे घरात हॉटेलला नावं ठेवायचीही पंचाईत.

रविवारी अकराला हॉल भरला. बाबांनी पडदा वर घेतला तो इतका सावकाश, इतका दिमाखात, की लोक विनाकारण सरसावून बसले. वर बघतात तो काय, एक लांब टेबल, पांढरी चादर, पाच सभासद आणि मधोमध नगराध्यक्ष. त्यांचं समोरच चष्म्याचं दुकान, म्हणून सगळं गाव त्यांना चष्मेवाले साहेबच म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, फक्त लांबण लावणारा होता. गावाची प्रगती, गाड्यांची गर्दी, काळाची पावलं, सगळं आलं. पहिल्या रांगेत हॉटेलचा मॅनेजर नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता, जणू बाळच. एक पाहुणं कुटुंब नुसतं उन्हातून सुटका म्हणून आत येऊन मागे टेकलं होतं.

“कोणाला काही विचारायचंय का?” साहेब म्हणाले, आणि लंबूने पुटपुटच्या बरगडीत कोपर मारलं.

ती उठली. तोंड उघडलं आणि प्रश्न बाहेर पडला तो असा खणखणीत, की तिला स्वतःलाच वाटलं मागून कोणीतरी दुसरंच बोललं.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, मग बाल्कनीने, मग सगळ्या हॉलने. टाळ्या थांबल्या तरी साहेब गप्पच.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बाबांना त्यांच्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की टाळी पडली, माणूस गप्प झाला, की मनात तीन मोजायचे आणि दोर सोडायचा. विचार करायचा नाही, विचार करणाऱ्याचा पडदा नेहमी उशिरा पडतो. ते त्यांच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा लग्नात कोणाचं भाषण संपून टाळ्या झाल्या, तर बाबांचा हात हवेत दोर शोधायला लागला होता.

विंगेत दोर हातात धरून उभ्या असलेल्या बाबांनी टाळी ऐकली. शांतता ऐकली. एक, दोन, तीन.

धप्प.

तीन मजली उंचीचा लाल मखमली पडदा टेबलाच्या बरोबर मधोमध आला. माइक आणि पाण्याचा पेला अलीकडे, साहेब आणि सभासद पलीकडे. आधी कोणाला कळेचना. मग बाल्कनीतून एक बाई अशी हसायला लागली की ती साथच पसरली. मॅनेजरच्या मांडीवरचा नकाशा घरंगळत खुर्च्यांखाली गेला. पडद्याआडून साहेबांचा दबलेला आवाज आला, अहो, दिवा तरी लावा कोणी.

बाबा घामाघूम होऊन दोर ओढत होते, पण दोर वरच्या कप्पीवरून निसटला होता. पडदा ढिम्म. पुटपुट बाजूच्या दाराने आत पळाली, तिच्यामागे लंबू, कुरळी, आणि त्यांच्यामागे, का कोण जाणे, अर्धा हॉल.

नाटकवाले सोडले तर त्या दाराच्या आत गावातलं कोणी कधी गेलंच नव्हतं. लोक आले आणि माना वर करून उभेच राहिले. जहाजावर असावेत तसे दोरच दोर, प्रत्येकाला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली. चंद्र. राजवाडा. जंगल, डावीकडचं. एका कोपऱ्यात रंगवलेलं आख्खं आभाळ गुंडाळून ठेवलेलं. आणि वर, छताला लागून, नागमोडी वळणं घेत गेलेली एक लाकडी पन्हळ.

“ते काय आहे?” पाहुण्या कुटुंबातल्या छोट्या मुलीने बाबांना विचारलं.

बाबा निम्म्या शिडीवर होते. “ते... ढग,” एवढंच म्हणाले. सव्वीस वर्षं पडद्यामागे राहिलेला माणूस, लोकांसमोर त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघायचा नाही. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात, ते हेच.

मग पुटपुटच बोलायला लागली. या दोरांखाली बसून तिने पाढे पाठ केले होते, तिला इथलं सगळं माहीत होतं. ढग म्हणजे ढगांचा गडगडाट, तिने सांगितलं. नाटकात वादळ आलं की या पन्हळीतून लोखंडी गोळे सोडायचे. लहान गोळा म्हणजे लांबचं वादळ, मोठा म्हणजे डोक्यावरचं. आणि तीन एकदम सोडले तर प्रेक्षक छत्र्या शोधतात.

“सोडून दाखव ना,” छोटी म्हणाली.

पुटपुटने बाबांकडे पाहिलं. बाबांनी शिडीवरूनच हात लांब केला आणि खटका ओढला. एकदम तीन.

असा गडगडाट झाला की खुर्च्या थरथरल्या, सहा वर्षांची धूळ सभासदांच्या डोक्यांवर बरसली आणि साहेब टेबलाखाली गेले. गोळे शेवटच्या वळणावर थांबले. टेबलाखालून आधी चष्मा बाहेर आला, मग साहेब.

पुन्हा एकदा होईल का, त्यांनी विचारलं.

पुन्हा पाच वेळा झालं. पाचव्या वेळचा खटका हॉटेलच्या मॅनेजरने ओढला, तोही रांगेत उभं राहून.

तोवर बाबांनी दोर कप्पीवर बसवून पडदा वर घेतला. साहेब खांद्यांवरची धूळ तशीच ठेवून माइकपाशी आले.

“मुली, तुझं उत्तर राहिलं,” ते म्हणाले. “एकदाही नाही. तेवीस वर्षं मी समोरच्या दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला म्हणतो, तिसऱ्या खांबावरची अक्षरं वाचा. निम्म्या गावाचे नंबर मी या खांबांवर काढलेत. नाटक बघायला आत मात्र कधी आलोच नाही.”

यावर कोणी हसलं नाही. बहुतेकांचं उत्तर तेच होतं.

त्या दिवशी मतं घेतली नाहीत. साहेबांनी एवढंच जाहीर केलं, की सुट्ट्यांच्या हंगामाचे तीन महिने शनिवार-रविवार ही मागची बाजू लोकांना दाखवून बघू. लोक आले तर पुढचा विचार, नाही आले तर गाड्या. वचन देत नाही, असं त्यांनी दोनदा म्हटलं. पण दाखवणार कोण? सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं, तर बाबा गुंडाळलेल्या आभाळामागे. मग सगळ्यांनी पुटपुटकडे पाहिलं. ओठांवर आलेला ‘हो’ तिने गिळला आणि उद्या सांगते म्हणाली.

रात्री जेवताना बाबा ताटावर नजर ठेवून बसले होते. नगराध्यक्षांवर पडदा टाकणाऱ्याला कोण ठेवेल, उद्या जाऊन मॅनेजरला हो म्हणून येतो, असं त्यांचं चाललं होतं. आईने वाढता वाढता हात थांबवला आणि तोंडावर पदर धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. सव्वीस वर्षांत इतका वेळेवर पडलेला पडदा मी पाहिला नाही, म्हणाली. मग डोळे पुसून कामाचं बोलली. हंगामातच शाळेची सुट्टी, आणि सुट्टीत पोरगी मावशीकडे जाणार होती गणिताच्या शिकवणीला. पुढच्या वर्षी दहावी. तीन महिन्यांनी गाड्याच लागल्या तर थिएटरही जायचं आणि गणितही.

तिचं काही चूक नव्हतं, आणि हीच अडचण होती. पुटपुटने पाणी प्यायलं. मग उभी राहिली, कारण बसून बोलणं तिला अजून नीट जमत नव्हतं.

“मी मावशीकडे जात नाही,” ती म्हणाली. “शनिवार-रविवार अकरा ते पाच लोकांना मी आत नेणार. बोलणार मी, गोळे सोडणार बाबा. बाबा, तुम्ही उद्या मॅनेजरकडे नाही जायचं, गेलात तर माझ्याबरोबर शिडीवर कोण चढणार? गणित रोज सकाळी सात ते नऊ, तिथेच रंगपटाच्या खोलीत, आई, हवं तर मशीन घेऊन समोर बस. तीन महिन्यांनी गाड्या लागल्या तर लागू देत, मी रडेन आणि दहावीला बसेन. पण आपण बोलावलंच नाही म्हणून बघायला कोणी आलं नाही, असं मी होऊ देणार नाही. हे मी विचारत नाहीये. सांगतेय.”