वस्तीची गाडी

जयवंतने शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि रद्दी कागदावर एकदा उमटवून पाहिला. 'आंबेखोल ग्रामविकास मंडळ, मुंबई' ही गोल अक्षरं नेहमीसारखी उठली. मग त्याने रजिस्टर उघडलं आणि घर क्रमांक एकपासून नावं पुकारायला सुरुवात केली.

मुलुंडच्या शाळेतला वर्ग रविवारपुरता मागून घेतला होता. दुसरीतल्या पोरांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सगळे खुशीत होते. बोरिवलीहून थेट आंबेखोलपर्यंत गाडी, ही मंडळाची सहा वर्षांची मागणी. तिचे सगळे अर्ज सेक्रेटरी म्हणून जयवंतनेच लिहिले होते, आणि शेवटी एसटी डेपोचं उत्तर आलं होतं. गाडी देऊ, पण जास्तीची नाही. सध्या जी रात्री गावात वस्तीला राहते आणि सकाळी सहाला तालुक्याला निघते, तीच काढून या मार्गावर घालू. नवीन वेळापत्रक एक तारखेपासून. गावातल्या एकाही घराची हरकत नसावी, एवढंच लिहून द्या.

हरकत कोण घेणार? गावातली एकसष्टच्या एकसष्ट घरं मंडळाच्या रजिस्टरला मुंबईकरांच्या नावावर होती. त्यातली पंचेचाळीस कुलूपबंद होती, ही गोष्ट वेगळी. ज्याचं नाव रजिस्टरला, त्याचं मत, असा मंडळाचा पहिल्यापासूनचा रिवाज. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना काय वाटतं ते इथले मुलगेच सांगत. म्हाताऱ्यांना तालुक्याला जायला दहाची गाडी होतीच.

सहाच्या गाडीने रोज कॉलेजला जाणारी आता एकटी अक्षता उरली होती. जयवंतच्या वारलेल्या भावाची मुलगी, गावच्या घरात आईबरोबर राहणारी. साडेसातचं कॉलेज, बावीस किलोमीटरची वाट, बारावीचं वर्ष. शुक्रवारी तिने फोन केला होता.

"काका, सहाची गाडी बंद होणार म्हणतात. खरं काय?"

"बघू," जयवंत म्हणाला होता.

"घर क्रमांक सोळा."

"संमती!"

जयवंतने सोळासमोर लिहिलं आणि सतरा सोडून अठरा पुकारला. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊण तासात एकसष्ट घरं संपली.

"काका, सतरा राहिला," देवेश म्हणाला. मंडळातला सगळ्यात तरतरीत पोरगा. सोमवारी पत्र घेऊन डेपोत तोच जाणार होता. "तुमचंच घर विसरलात काय? लिहा संमती आणि मारा शिक्का."

जयवंतचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"त्या घरात वहिनी राहते," तो म्हणाला. "तिला विचारतो."

"आता काय विचारायचंय? नाव तुमचं आहे ना? आणि अर्ज पण तुमचेच!"

मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. अध्यक्षांच्या खुर्चीतले नाना डोळे मिटून बसले होते. ते न उघडताच म्हणाले, "विचारू दे रे. घर आहे ते. लाव जयवंता फोन."

रेंज खिडकीपाशी मिळायची. तिथल्या बाकावर सुलक्षणा बसली होती, उजवा पाय लांब करून. जयवंतची बायको. गुडघ्यांनी तिची पार वाट लावली होती. तालुक्याला उतरून गाडी बदलायची, ती चुकली तर फाट्यापर्यंत तीन आसनी रिक्षा, मग चढण. तीन वर्षांत तिने गाव पाहिलं नव्हतं. थेट गाडीची वाट या वर्गात तिच्याइतकी कुणीच बघितली नसेल. हे जयवंतला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

तो कानाने जरा कमी, फोनचा आवाज कायम पूर्ण वाढवलेला. वर्गात गलका सुरू झाला होता. ऐकू गेलं असेल तर फक्त तिलाच.

"वहिनी, गाडीचं विचारायचं होतं. थेट गाडी घेतली तर सकाळची जाते. तुझं काय म्हणणं?"

"माजा काय म्हणणा, भावोजी?" शेवंतीवहिनीचा आवाज नेहमीसारखाच निवांत होता. "तुमी सगळ्यांनी ठरवल्यात ता बराच आसतला. सुलक्षणाक थेट घराकडे येवक मिळात. तीन वर्सा झाली तिका बघून."

"आणि अक्षता?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला.

"ता रवात घरी. बारावी काय, फुडल्या वर्साक पण होतली. तुमी मनाक लावून घेव नकात. हो म्हणा."

"बरं," जयवंत म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

तो टेबलापाशी आला. गलका थांबला. त्याने दोन्ही हात रजिस्टरवर दाबून धरले. अठरा वर्षं तो सेक्रेटरी होता आणि कुणी बोललं त्याच्यापेक्षा वेगळा शब्द त्याने या वहीत कधी लिहिला नव्हता.

"वहिनी नाही म्हणते," तो म्हणाला.

देवेश उसळला.

"शेवंतीकाकू? त्या आयुष्यात कधी कुणाला नाही म्हणाल्यात? काका, सहा वर्षांची मेहनत आहे यार!" तो खिडकीकडे वळला. "काकी, तुम्ही बाजूलाच होतात. तुम्ही ऐकलंत ना?"

सगळ्या माना वळल्या. सुलक्षणा गुडघा चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला. तिने जयवंतकडे पाहिलं आणि या वेळी त्याला नजर चुकवता आली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "नाही म्हणाली."

"पण..."

"पण काय? घरात राहते ती नाही म्हणाली. लिहून घ्या."

नानांनी डोळे उघडले, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा मिटले. जयवंतने सतरासमोरच्या ठिपक्याला लागूनच 'हरकत' असं लिहिलं. शिक्का पुसून डब्यात ठेवला. माणसं कुरकुरत, एकमेकांना काहीबाही सुनावत निघून गेली. देवेश निरोप न घेताच गेला.

जिन्यावर सुलक्षणा कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. जयवंत एक पायरी पुढे, हात तयार ठेवून. मधल्या वळणावर ती दम खायला थांबली.

"अक्षताला कळवा, सहाची गाडी आहे म्हणावं."

"हो."

"आणि वहिनीला आधी फोन करा." तिने कठड्यावरचा हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. "तिला सांगा, ती नाही म्हणालीय. कुणी विचारलं तर उगाच हो म्हणून बसेल."