उजवा गुडघा

त्या घराचं हवामानखातं म्हणजे वडिलांचा उजवा गुडघा. तो दुखला की पाऊस, यावर सगळ्यांचा विश्वास. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि आज धाकट्या मुलीचं लग्न उघड्या मैदानावर होतं. सकाळीच मांडववाला थोरलीपुढे येऊन उभा राहिला.

"ताई, वर ताडपत्री चढवू की नको? नंतर सांगाल तर माझी माणसं नसतील."

मोबाइलवरचा पावसाचा अंदाज तळ्यात-मळ्यात करत पन्नास टक्क्यांवर अडला होता. थोरली काकांकडे वळली.

"काका, तुमचा गुडघा काय म्हणतो?"

"माझा नवा बसवलेला. त्याला यातलं काही कळत नाही."

आई फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यांच्या गुडघ्याला तरी कुठे कळायचं? घरातल्या प्रत्येक लग्नाला दुखायचा. पाऊस आला एकदाच."

थोरलीने वर पाहिलं. औषधालासुद्धा ढग नव्हता. मग तिने वाकून आपला उजवा गुडघा चोळला.

"चढवा ताडपत्री," ती म्हणाली. "चांगलाच ठणकतोय."

कुणी हसलं नाही. वडिलांना आणून द्यायचे तशी काकांनी तिला खुर्ची आणून दिली.