खालच्या रस्त्याला कोणी दिसलं?

माझी बहीण जोअन शहरात राहते आणि तिला खुनांच्या बातम्या तोंडपाठ असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असलं की मी तिच्याकडे चार दिवस उतरते, आणि चारही दिवस चहाबरोबर कोणाला तरी कुठल्या तरी ओसाड रस्त्यावर मारलेलं ऐकत बसते. या खेपेला निघताना तिने माझा हात धरून बजावलं, की ग्लेनिस, वाटेत कोणासाठी थांबू नकोस, गाडी बंद पडल्याचं नाटक करतात हल्ली. मी हसले. सत्तेचाळीस वर्षं या मुलखात गुरं राखलेल्या बाईला ही रस्ता काय शिकवणार!

पण कान फुंकलेले ते फुंकलेच. घर पाचशे किलोमीटर, त्यातलं शंभरभर डांबर, पुढे सगळी लाल माती, तोच आमचा खालचा रस्ता. डांबर संपलं तशी मी दारं आतून लावून घेतली. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला तो दिसला. धुळीने माखलेल्या गाडीचं बॉनेट उघडं आणि तो ऐन रस्त्याच्या मधोमध. अंगात शर्ट नाही, हातात लोखंडी पहार, आणि चेहऱ्याच्या जागी काळं काही तरी. जवळ गेल्यावर कळलं, टोपीवरून माश्या अडवायची जाळी गळ्यापर्यंत ओढलेली. आमच्याकडचं कोणी ती जाळी घालत नाही, घालणाऱ्याला जन्मभर चिडवतात. त्याने पहार धरलेला हात वर केला.

आमच्याकडे उभ्या माणसासाठी थांबतात. वैरी असला तरी थांबतात. माझा नवरा डग याने अकरा वर्षं अबोला असलेल्या शेजाऱ्याचं चाक बदलून दिलं होतं आणि एक अक्षर न बोलता घरी आला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझा पाय ब्रेकवर न जाता दुसरीकडेच पडला. गाडी रस्त्याखाली उतरली, काटेरी गवतातून हादरत पुढे गेली आणि पुन्हा वर आली. आरशात तो माझ्या मागे पळत होता. मग धुळीत दिसेनासा झाला.

पुढचे सत्तर किलोमीटर मी आरशात बघतच काढले. तो गाडी सुरू करून मागे येईल, असं सारखं वाटत होतं. मागे माझीच धूळ उडत होती आणि तिलाच मी घाबरत होते.

बेव्हच्या खानावळीशी थांबले. पेट्रोल, पाव, टपाल, गावगप्पा, सगळं तिच्याकडेच मिळतं. तिने चहा पुढे ठेवत विचारलं, "खालच्या रस्त्याला कोणी दिसलं?"

हे आमचं 'कसं काय, बरं आहे ना?' आल्यागेल्याला विचारायचंच. कोण कुठे आहे हे त्यातूनच सगळ्यांना कळतं. मी तोंड उघडलं. हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न 'काय झालंय त्याला?' असा आला असता, आणि मी थांबलेच नाही हे सांगावं लागलं असतं. लाज वाटली मला.

"कोणी नाही," मी म्हटलं.

बेव्हने मान हलवली. मी चहा तसाच टाकून निघाले.

तीस किलोमीटर गेले असेन, तोच गाडीतला रेडिओ खरखरला. डग होता. पलीकडच्या रानातला मर्व्ह हॅलोरन काल सकाळीच आमच्या विहिरीचा पंप बघायला निघाला होता आणि पोहोचलाच नव्हता. बायकोला वाटलं आमच्याकडे राहिला, आम्हाला वाटलं निघालाच नाही. आज मी बेव्हकडून निघाले आणि फोन झाला, तेव्हा दोन्हीकडे उलगडा झाला. त्याच्याकडून आमच्याकडे यायला दोन रस्ते, खालचा आणि वरचा. मर्व्ह खालच्या रस्त्याने येणार होता, पण बेव्ह म्हणाली ग्लेनिस आताच तिकडून आली, रस्ता रिकामा आहे. म्हणून सगळे लगोलग वरच्या रस्त्याला निघाले होते. डग निघाला होता, बेव्हचा नवरा त्यांची एकुलती एक गाडी घेऊन निघाला होता, छोटं विमान असलेले शेजारीही तिकडेच उडाले होते.

मर्व्ह! गेल्या नाताळात माझ्या टेबलाशी बसून मटणाचा तिसरा तुकडा मागणारा मर्व्ह. बाहेर पंचेचाळीस अंश होते.

"ग्लेन, तू खालच्याच रस्त्याने आलीस ना?" डगने विचारलं.

आमचा रेडिओ म्हणजे चव्हाटा. एक बोलतो आणि शंभर घरं ऐकतात. मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. मनात आलंही, की गुपचूप वळावं, त्याला गाडीत घालावं, योगायोगाने सापडला म्हणावं. पण माझी गाडी वाटेत बंद पडली तर? मग त्याला शोधायला तिकडे कोणी जाणार नव्हतं.

मी बटण दाबलं. "डग, मी त्याला बघितलं. बेव्हच्या शंभरएक किलोमीटर... नाही, सत्तर किलोमीटर मागे. त्याने हात केला होता. तोंडावर जाळी होती, मी ओळखलं नाही. घाबरले आणि थांबले नाही."



"पाणी किती आहे तुझ्याकडे?" डगने एवढंच विचारलं.

"वीस लिटर."

"मग वळ. आम्ही लांब आहोत, आणि विमान तिथे उतरत नाही."

मी वळले. येताना एका अनोळखी माणसाची भीती होती, ती आता बरी वाटायला लागली. आता मी ओळखीच्या माणसाच्या प्रेताकडे चालले होते. किलोमीटरचा काटा हलतच नव्हता. बेव्ह दारात उभी होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. पुढे आभाळात दोन गरुड घिरट्या घालताना दिसले आणि मी मोठ्याने बोलायला लागले. थांब रे मर्व्ह, थांब, एवढा वेळ थांबलास तसा. रडत होते की प्रार्थना करत होते, मला सांगता येणार नाही.

गाडी तिथेच होती, बॉनेट उघडं. माणूस नव्हता. मी इंजिन बंद केलं तर माश्यांचा आवाज ऐकू आला. मग गाडीखालून बाहेर आलेले दोन बूट दिसले. ते हलत नव्हते. तिथपर्यंतची वीस पावलं मी कशी टाकली, माझं मला ठाऊक. वाकून एका बुटाला हात लावला.

बूट हलला.

सावलीसाठी तो गाडीखाली शिरला होता. ओठ फुटले होते, जीभ जड झाली होती. तारा जळाल्या आणि रेडिओही गेला, पाणी सकाळीच संपलं, असं त्याने तुटक तुटक सांगितलं. मी टोपणाने पाणी पाजत होते, घोट घोट.

"मघाशी एक गाडी गेली," मग तो म्हणाला. "शहरातली असणार कोणी तरी."

"मर्व्ह, ती मी होते."

"ठाऊक आहे गं. नंबर वाचला मी." त्याने डोळे मिटले. "पण सगळ्यांना शहरातली होती असंच सांगू. जन्मभर बोलतील तुला."

"रेडिओवर सांगून झालंय माझं. सगळ्यांनी ऐकलंय."

त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. मी त्याला ओढून उभं केलं, माझ्या गाडीत बसवलं. रेडिओ खरखरत होता. डग मला हाका मारत होता. मर्व्हने माईक ओढून घेतला.

"मर्व्ह बोलतोय," तो म्हणाला. घशातून आवाज फुटेना, म्हणून त्याने पुन्हा एक घोट घेतला. "ग्लेनिस थांबली आहे."