वरचा कप्पा

“भिजवलेलं एकोणऐंशी, कोरडं नव्वद! मावशी, चष्मा पुसा जरा,” लंबू शिपाई म्हणाला.

“चष्म्याला काही झालेलं नाही. तीनदा मोजलंय. तू आधी ओठावरचा चहा पूस.”

बियाणं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मावशींचं काम एकतीस वर्षं तेच. ट्रेमधल्या ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, ट्रे उबेच्या कपाटात ठेवायचा आणि पाचव्या दिवशी कोंब मोजायचे. तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमचं म्हणणं होतं की त्यांच्या द्रावणात भिजवलेलं बी कोरड्यापेक्षा जास्त उगवतं. तीन वर्षं आकडेही तेच सांगत होते. दहा दिवसांनी त्यांचा निबंध छापायला जायचा होता. त्याच्या शेवटी मावशींचे आभार मानले होते. महिनाअखेरीला मावशी निवृत्त होणार होत्या.

आणि आता ही मोजणी उलटी आली होती.

“मी रजेवर होते तेव्हा हे ट्रे तू लावलेस ना?”

“मीच. सकाळी कोरडे आले, ते वर ठेवले. माझा हात आधी वरच जातो. दुपारी भिजवलेले आले, ते खाली.”

मावशींचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. सकाळी त्यांचा गुडघा बरा असे, म्हणून कोरडे ट्रे त्या वाकून खाली सारत. दुपारपर्यंत गुडघा कुरकुरायला लागे. मग भिजवलेले ट्रे उभ्या उभ्या वरच्या कप्प्यात जात. तीन वर्षांत यात एकदाही बदल झाला नव्हता. मावशींच्या शिस्तीचं सगळे कौतुक करत, ती ही शिस्त.

“एक खेप बिघडली म्हणायचं आणि टाकून द्यायची,” लंबू म्हणाला. “कुणाला कळतंय?”

“मला कळलंय की.”

तरी त्या लगेच मॅडमकडे गेल्या नाहीत. नुसत्या शंकेपायी कुणाच्या तीन वर्षांवर बोट ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी एकाच पोत्यातलं कोरडं बी घेतलं. कागद तोच, पाणी तेवढंच. दहा ट्रे वर ठेवले, दहा खाली. पाचव्या दिवशी ट्रे बाहेर काढून त्यांची सरमिसळ केली आणि खुणेच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून लंबूला मोजायला बसवलं.

“यातले वरचे कुठले?”

“मोजून झाल्यावर सांगते. आधी कळलं तर तुझी नजर लबाडी करेल.”

वरच्या ट्रेंची सरासरी एक्क्याण्णव आली, खालच्यांची अठ्ठ्याहत्तर.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. “म्हणजे भिजवून काहीच होत नाही?”

“तसं मी कसं म्हणू? होतही असेल. पण आपण मोजली ती वरच्या कप्प्याची ऊब. त्यात द्रावणाचा वाटा किती, ते आता सांगता येणार नाही.”

“तीन वर्षं भिजवलेले वरच का ठेवलेत, मावशी?”

“गुडघ्यामुळे.”

मॅडम हसायला गेल्या, पण हसू आलं नाही. “चुकलं माझंच,” त्या म्हणाल्या. “कुठला ट्रे कुठे ठेवता, हे मी एकदाही विचारलं नाही.” त्यांनी निबंध खणात टाकला. आभारही त्याच्याबरोबर खणात गेले.

महिन्याच्या आणि मावशींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कुठल्या ट्रेने कुठे जायचं ते आता चिठ्ठी ठरवणार होती. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून मॅडम चिठ्ठी काढत आणि मावशी ट्रे लावत. दुपार झाली. शेवटचा ट्रे भिजवलेल्या बियांचा होता.

“खाली,” मॅडमनी वाचलं आणि त्या पुढे झाल्या. “द्या इकडे, मी ठेवते. आजच्या दिवस तरी वाकू नका.”

“राहू दे. माझाच ट्रे आहे.”

मावशींनी जमिनीवर गोणपाट टाकलं, कपाटाला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि ट्रे पार आतपर्यंत सरकवला. उठायला वेळ लागला. मग त्यांनी वहीत तारीख घातली, ‘ट्रे लावले’समोर सही केली. ‘कोंब मोजले’समोर पाच दिवसांनंतरची तारीख लिहिली आणि तिथली सहीची जागा कोरी ठेवून पेनाला टोपण लावलं.