मागखात्यातल्या गप्पा

थोरलीचे दोन्ही कान तापात गेले तेव्हा घरच्यांनी आपापल्या परीनं मदत केली, म्हणजे ओरडायला सुरुवात केली. नवरा तर असा ओरडायचा की शेजारी दार उघडून बघायचे. त्यातून त्याच्या मिशा इतक्या झुपकेदार, की खाली ओठ आहेत की नाहीत हे थोरलीला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. मुलगी बोलायची तीही पाठमोरी, भांडी घासता घासता. शेवटी थोरलीनं हात टेकले आणि एक पाटी आणवली. ‘जेवलीस का’, ‘गोळी घेतलीस का’ एवढंच त्या पाटीवर मावायचं.

त्याचंही तिला एवढं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता रेडिओत.

रेडिओ म्हणजे कापडगिरणीत तिच्या समोरच्या मागावरची मैत्रीण. नाव मागखात्यानं ठेवलेलं, कारण पाळी सुरू होताना बाईचं तोंड जे उघडायचं ते भोंगा होईपर्यंत मिटायचं नाही. नवी कादंबरी वाचली, संगीत नाटक पाहिलं, टीव्हीवर एखादी विनोदी मालिका सापडली, की दुसऱ्या दिवशी मागावर सूत विणणारा धोटा इकडून तिकडे पळत असताना ती सगळं साग्रसंगीत थोरलीला सांगणार. थोरलीही आपलं सांगणार. एकीनं वाचायचं आणि दोघींनी चघळायचं, असा त्यांचा रिवाजच होता. सुटल्यावर दोघींच्या वाटा दोन दिशांना, त्यामुळे जे काय बोलायचं ते मागावरच.

आता कानच नाहीत म्हटल्यावर गप्पा कसल्या? टीव्हीवर माणसं नुसती तोंडं उघडायची, मध्येच पाठ फिरवायची आणि काहीतरी होऊन सगळी हसायची. थोरलीनं नवऱ्याकरवी मुकादमाला निरोप धाडला, की मी काही आता येत नाही, माझा माग दुसरीला द्या. रेडिओ दोनदा भेटायला आली, तर ‘झोपलीय’ म्हणून तिला दारातूनच परत लावलं. रेडिओ ओरडेल, मग तिचे डोळे भरतील, मग तीही पाटी मागेल. ते थोरलीला सोसलं नसतं.

तिसऱ्या खेपेला रेडिओनं कुणाला विचारलंच नाही. चपला काढल्या आणि सरळ आत. मागून नवरा कानापाशी हात नेऊन, जरा मोठ्यानं बोला, अशा खुणा करत होता. तिनं मान डोलावली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि उजेड तोंडावर घेऊन बसली.

“जिवंत आहेस ना? मग ऐक. इतकं साठलंय की माझं पोट फुटायची वेळ आलीय.”

थोरलीला शब्द न् शब्द कळला. कळला कसा, हे विचारायला रेडिओनं उसंत दिली नाही. आधी कादंबरी झाली, स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खोलीत काम करणाऱ्या एका विधवेची. मग ती मालिका, जिच्यात इमारतीची लिफ्ट दर भागात बंद पडते आणि नेमकी भांडलेलीच माणसं आत अडकतात. सासरा आणि जावई अडकले तिथे थोरली पदर तोंडात कोंबून हसली. मग तिचीही जीभ सुटली. तापातून उठल्यावर तिनं एक जाडजूड पुस्तक संपवलं होतं, आणि सांगायला कुणी नाही म्हणून ते आतल्या आत सडत होतं.

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. कप खाली ठेवून त्यानं घाईघाईनं पाटीवर लिहिलं: ‘तुम्ही दोघी आवाज का काढत नाही?’

थोरलीनं ते दोनदा वाचलं. “तू बोलत नाहीयेस?”

“बोलतेय की. मागावर बोलतो तशी.” रेडिओनं कपाळाला हात लावला. “अगं, त्या खडखडाटात कुणाला ऐकू येतं? सगळं खातं ओठांवरच तर बोलतं. आजवर माझा एक शब्द तरी ऐकलायस का तू?”

थोरलीनं आठवून पाहिलं. नव्हता ऐकला. एवढी पुस्तकं, एवढी नाटकं, सगळी त्या ओठांवरून तिच्यापर्यंत आली होती, आणि ते ओठ समोर जसेच्या तसे होते. तिचा जीव भांड्यात पडला आणि डोळे वाहायला लागले.

“रडू नकोस, माझे ओठ दिसायचे बंद होतील तुला. संगीत नाटक राहिलंय. नाव वल्हवता वल्हवता प्रेमात पडतो त्यातला नायक.” रेडिओनं तिचा हात मांडीवर घेतला आणि त्यावर ताल धरून अख्खं गाणं ओठांनी म्हटलं.

“माझा माग कुणाला दिला?”

“कुणाला देतोय? मुकादमाला मी सांगितलंय, बाई रजेवर आहे म्हणून.”

“तुझे उपकार—”

“उद्या मागावर फेड. ते जाडजूड पुस्तक अर्धं सांगायचं राहिलंय.”

ती गेल्यावर थोरली नवऱ्याकडे वळली. कितीतरी दिवसांनी तिनं मोठ्यानं सांगितलं, “उद्यापासून कामावर जातेय. आणि तुम्ही त्या मिशा काढा.”

सकाळी दारात तिला एक तुळतुळीत, ओशाळलेला माणूस दिसला. ओरडला नाही. हळूच म्हणाला, “डबा घेतलास का?”

“घेतला,” थोरली म्हणाली, आणि आणखी काही बोलतोय का म्हणून थोडा वेळ तिथेच उभी राहिली.